मु. पो. जालना, जि. औरंगाबाद

जालना,
नवरात्र, २०२५

चि. छोटी हीस मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पाकीट पोचलं. हॉलंडातल्या तुझ्या नुएनन गावचं जुनं कार्ड दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून पाठवलंस हे फार चांगलं केलंस, एकही कोपरा मुडपला नाही. भिंगाखाली धरून सावकाश पाहिलं. आठ कोनांचं ते इवलंसं चर्च, पुढे मातीचा रस्ता, लाकडी जोडे घातलेली पोरं रांगेत उभी. त्यातलं एक नेमकं फोटो काढताना हललेलं, त्यामुळे त्याच्या तोंडाच्या जागी नुसता पांढरट फराटा. मागे पेन्सिलीने दीड ओळ. सोबतच्या चिठ्ठीत तू लिहिलंस, "मामा, मी इथल्या गावाची जुनी कार्डं जमवते, तू जालन्याची जमव, मग शेजारी शेजारी लावून बघू." मामा रिकामाच आहे, लागेल कामाला, असं तुला वाटलं असेल. कामाला लागून मला बरीच वर्षं झाली. घरात कुणी विचारलं नव्हतं एवढंच. आता विचारलंस, तर हे लांबलचक पत्र वाच.

आधी तुझ्या कार्डांचं बोलू. राजाच्या वाढदिवसाला, २७ एप्रिलला, तुमच्याकडे अख्खा देश रस्त्यावर चादरी पसरून घरातली अडगळ विकायला बसतो, आणि तिथेच तुला पहिलं कार्ड मिळालं, हे फोनवर सांगितलंस तेव्हा मला हेवा वाटला. आपल्याकडे अडगळ कुणी मांडून बसत नाही, ती किलोवर जाते.

जगातलं पहिलं पोस्टकार्ड ऑस्ट्रिया-हंगेरीने १ ऑक्टोबर १८६९ रोजी काढलं. तुमच्या हॉलंडात ते १८७१ साली आलं आणि आपल्याकडे १ जुलै १८७९ रोजी, किंमत पाव आणा. ही सगळी साधी, बिनचित्राची कार्डं. चित्रांचं वेड त्यानंतरचं, साधारण १८९८ पासून पहिल्या महायुद्धापर्यंतचं. तेवढ्या काळात युरोपातल्या लोकांनी एकमेकांना इतकी कार्डं धाडली की शंभर-सव्वाशे वर्षं झाली तरी ती अजून चादरींवर निघतातच. गावातला एखादा तंबाखूवाला नाही तर खानावळवाला जवळच्या शहरातून फोटोवाल्याला बोलवायचा, चर्च, शाळा, पवनचक्की, मुख्य रस्ता असे चार-पाच फोटो काढून घ्यायचा आणि त्यांची कार्डं छापून दुकानात मांडायचा. फोटोवाला आल्याची बातमी गावभर व्हायची आणि पोरं धावत येऊन उभी राहायची. तुझ्या जवळजवळ प्रत्येक कार्डावर पोरं आहेत ती अशी.

मागची बाजू नेहमी बघत जा. ती सगळी पत्त्यासाठीच राखलेली असेल आणि मजकूर पुढे चित्राच्या कडेला कोंबलेला असेल, तर कार्ड जुनं. मधोमध उभी रेघ, डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता, असं असेल तर नंतरचं. ही रेघ इंग्लंडने १९०२ साली मान्य केली, अमेरिकेने १९०७ साली. बाकीचे देश आगेमागे. आणि भिंग घे. भिंगाखाली ठिपके दिसले तर कार्ड छापील, नाही दिसले तर तो खरा फोटो आहे. खऱ्या फोटोच्या प्रती थोड्याच निघायच्या, त्याला दोन युरो जास्त मोजायला हरकत नाही.

व्हॅन गॉगची कार्डं मात्र घेऊ नकोस. डिसेंबर १८८३ ते नोव्हेंबर १८८५ एवढाच काळ तो नुएननमध्ये होता, वडील तिथे पाद्री होते, आणि बटाटे खाणाऱ्या कुटुंबाचं ते चित्र त्याने १८८५ साली तिथेच काढलं, हे सगळं खरं. तू पाठवलेल्या कार्डावरचं चर्चही त्याने रंगवलेलं. ते चित्र २००२ साली ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयातून चोरीला गेलं आणि २०१६ साली सापडलं. पण त्याच्या नावाची कार्डं गावाने पुढे पाहुण्यांसाठी छापली. तुला गाव हवं आहे. तेव्हा किराणा दुकान, शाळेचं अंगण, पावसाने चिखल झालेला रस्ता असलं काही दिसलं की आधी ते उचल. झाल्टबोमेल गावच्या एका प्रकाशनाने हॉलंडातल्या गावोगावची जुनी चित्रकार्डं गोळा करून गावागणिक छोटी पुस्तकं काढली होती, एका पानावर एक कार्ड आणि खाली चार ओळी माहिती. जुन्या पुस्तकांच्या दुकानात तुझ्या गावाचं आहे का ते विचार. तुझं अर्धं काम कुणीतरी आधीच करून ठेवलेलं असेल.

आता जालना. आपल्या गावाचं त्या काळचं चित्रकार्ड माझ्याकडे एकही नाही. का नाही, याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

चित्रकार्डाला गिऱ्हाईक लागतं, आणि आपल्याकडे हे गिऱ्हाईक म्हणजे साहेब. त्याला विलायतेत आईला, बहिणीला कळवायचं असायचं की मी इथे आहे, हे इथलं देऊळ, हा इथला घाट. म्हणून मुंबईची कार्डं निघाली, पुण्याची, माथेरान-महाबळेश्वरची, नाशिकच्या घाटाची, वेरूळच्या कैलासाची. आपल्या लोकांनी चित्रकार्डं घेतली ती देवादिकांची. कार्ल्याजवळच्या रविवर्मा प्रेसने ती छापली आणि लोकांनी टपालात टाकायच्या ऐवजी भिंतीला लावली. आपल्या गल्लीचा फोटो पैसे मोजून विकत घ्यावा, असं कुणाच्या मनात येणार?

बरं, जालन्यात साहेब नव्हता असंही नाही. १८२७ पासून इथे मोठी छावणी होती. जुन्या इंग्रजी कागदांत गावाचं नाव 'जॉलनाह' असं लिहिलेलं सापडतं. पण चित्रकार्डांना बहर आला आणि १९०३ साली छावणी मोडली. आगगाडी आली १९०० साली, मनमाडहून हैदराबादला जाणारी निझामाची मीटरगेज. गाडी आली आणि तीनच वर्षांत साहेब गेला! छावणी आणखी दहा वर्षं टिकली असती तर जालना स्टेशन, कुंडलिकेचं पात्र, मस्तगड असं सगळं आज तुझ्या युरोपातल्याच कुठल्यातरी चादरीवर पडलेलं असतं, हे मी पैज लावून सांगतो. राजा दीनदयाळांसारखा थोर फोटोवाला निझामाच्या पदरी होता. त्याने वेरूळ टिपलं, दौलताबाद टिपलं. कापसाच्या गाड्यांनी भरलेला आमचा मोंढा कुणाला टिपण्यासारखा वाटला नाही. निझामाने १९३१ साली चित्रांची तिकिटं काढली तेव्हाही मराठवाड्यातून अजिंठा आणि दौलताबादचा मिनार हे दोनच निवडले. 'जालना सोने का पालना' म्हणायचे सगळे, फोटो काढायला कुणी आलं नाही.

तरी तू तिकडे आहेस म्हणून दोन ठिकाणं सांगून ठेवतो. एक म्हणजे असई. २३ सप्टेंबर १८०३ ची लढाई, आपल्याच जिल्ह्यात, भोकरदनच्या बाजूला, जिथे वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजांना हरवलं. तिथे लढलेल्या ७४ व्या हायलँडर्स पलटणीला कंपनी सरकारने हत्तीचं चिन्ह दिलं. ही पलटण पुढे ज्या हायलँड लाइट इन्फंट्रीत मिसळली तिच्या बिल्ल्यावरही हत्ती आणि असईचं नाव होतं. चित्रकार्डांच्या त्या बहरात पलटणींच्या बिल्ल्यांची कार्डं विलायतेत हौसेने जमवत. हत्तीचं कार्ड दिसलं की घे, ते आपल्या भोकरदनचं समज. दुसरं, मिशनचं. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे नारायण शेषाद्री यांनी जालन्यात मिशन उभं केलं आणि गावाजवळ बेथेल नावाची वस्ती वसवली. अशी मिशनं देणगीदारांसाठी दवाखान्याचे, शाळेचे फोटो छापत असत. स्कॉटलंडला सुटीत जाणार आहात असं कळलं. तिथल्या जुन्या बाजारात कार्डांचा डबा दिसला तर हिंदुस्थानचा कप्पा चाळून बघ.

तर मी जमवतो काय? बिनचित्राची. पाव आण्याची, नंतर पैशांची झालेली, पिवळट, शाईने दोन्ही बाजूंनी भरलेली, ज्यांना बाजारात कुणी विचारत नाही अशी साधी कार्डं, पण एका अटीवर: पाठवणारा किंवा घेणारा, दोघांपैकी एक आजच्या जालना जिल्ह्यातला पाहिजे. तुझ्या कार्डावर गाव दिसतं. माझ्या कार्डांत ते वाचावं लागतं, आणि खरं सांगू का, मला हेच जास्त आवडतं. तुझ्या नुएननच्या माणसाने दीड ओळ लिहिली, कारण चित्र बोलत होतं. आपल्या माणसाने दिलेल्या पैशाचा पुरता मोबदला वसूल केला. वर मधोमध 'श्री', खाली मजकूर, मजकूर संपला नाही तर समासात आडवा, समास भरला तर 'श्री'च्या डोक्यावर उलटा. पत्त्याच्या बाजूलासुद्धा डाव्या अंगाला ता. क. घुसवलेला.

सुरुवातीला मलाही फक्त मजकुरात रस होता. हळूहळू लक्षात आलं की पत्त्याची बाजू काही कमी नाही. जालना निझामाच्या राज्यात होतं हे तुला पाठ आहे, पण टपालात त्याचा अर्थ काय होता ते बघ. निझामाचं स्वतःचं टपालखातं होतं, १८६९ पासून स्वतःची तिकिटं. त्यातल्या सुरुवातीच्या काही तिकिटांवर फारसी, इंग्रजी, तेलुगू आणि आपली मराठी अशा चार लिप्यांत मजकूर आहे. ही तिकिटं चालायची राज्याच्या हद्दीत. हद्दीबाहेर इंग्रजांचं टपाल, आणि त्याच्या कचेऱ्या-पेट्या निझामाच्या मुलखातही होत्या. म्हणजे जालन्याहून कित्येक कोस दूरच्या हैदराबादला पत्र घालायचं तर ते घरचं टपाल, आणि पलीकडे दिसणाऱ्या देऊळगाव राजाला लेकीला चार ओळी लिहायच्या तर ते परमुलखाचं, कारण देऊळगाव वऱ्हाडात आणि वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात. लग्नं तर दोन्हीकडे सर्रास व्हायची. सोयरीक जुळताना टपालखर्चाचा विचार कुणी केला नसणार, पण माझ्याकडच्या गठ्ठ्यात एकाच घरातल्या दोन लेकींची कार्डं दोन राज्यांची आहेत.

निझामाच्या शिक्क्यावर उर्दू. कागदोपत्री साल फसली. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो. मजकूर पुष्कळदा मोडीत. आता ती मोडी वाचणारे गावात शोधावे लागतात. मी थोडी शिकलो, बाकी अडलं की एका जाणत्या गृहस्थांकडे जातो. ते ऐंशीच्या पुढचे आहेत आणि चष्मा काढून वाचतात. सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद भारतात आलं तरी तिकिटं लगेच गेली नाहीत, निझामाचं टपाल १९५० साली भारतीय टपालात मिसळलं. मधल्या दीड वर्षातली जालन्याची कार्डं मला सगळ्यांत प्रिय. राजाची सत्ता गेली, सरकार बदललं, आणि कार्डावर जुन्याच नावाखाली माणूस विचारतो आहे की कडब्याची पेंडी कितीला मिळते.

पुढचं आणखी सोपं. पत्त्यात जालन्यानंतर 'निझाम स्टेट' असेल तर कार्ड केव्हाचं ते उघड आहे. 'जि. औरंगाबाद' असेल तर १ मे १९८१ च्या आधीचं, कारण त्या दिवशी जालना वेगळा जिल्हा झाला. सहा आकडी पिन असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. ती पद्धत बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी माणूस आणि संस्कृतचे कवी. अर्थात पिन निघाली म्हणून लोकांनी लगेच लिहिली असं नाही. ४३१२०३ हा आकडा कार्डांवर रुळायला बरीच वर्षं गेली, आणि 'जि. औरंगाबाद' तर म्हातारी माणसं जिल्हा झाल्यावरही लिहीत राहिली. त्यांच्या लेखी जिल्हा तोच. शिक्का पुसट असला की मी या खुणांवर साल ठरवतो आणि पेन्सिलीने 'अंदाजे' असं लिहून ठेवतो.

एक कार्ड तुला सविस्तर सांगतो. अंबड तालुक्यातल्या एका खेड्याहून पुण्याला, मुलाला. शिक्क्यात साल दिसतं, ७३. दिवस उन्हाळ्याचे. पिन नाही. अक्षर शाळेतल्या पोराचं, गोल गोल, काना-मात्रा वर सुटलेल्या. मजकूर मात्र आजीचा. आजी सांगते आहे, नातू लिहितो आहे, आणि ती जे जसं बोलली ते त्याने तसंच उतरवलं आहे, मधलं "लिहिलं का रे" सुद्धा. विहिरीला पाणी नाही. तुझे वडील आणि वहिनी खडी फोडायला जातात. सुकडी मिळते. मिलोची भाकरी पोटात दुखते पण खातो. बैल विकू नका म्हणतोस, तर चारा पाठव. आणि मग, सगळ्यात शेवटी, कडेला आडवं, तू जेवत जा. त्या दुष्काळावर मी पुस्तकं वाचली आहेत, सरकारी अहवालही चाळले आहेत. त्यांत मिलो आहे, रोजगाराची कामं आहेत, आकडे आहेत. पण खायला काही नसलेली बाई पुण्यातल्या पोराला जेवत जा म्हणते, ते मला या कार्डातच भेटलं.

सगळी कार्डं अशी नसतात हं. मोंढ्यातल्या अडत्यांची कार्डं असतात, वर पेढीचं नाव छापलेलं, खाली सरकी, करडी, ज्वारी यांचे भाव आणि 'माल रवाना केला, पावती मिळाली नाही' एवढंच. त्यांना संग्राहक नाकं मुरडतात. मी नाही मुरडत. जालना हे बाजाराचं गाव, त्याचा चेहरा बघायचा तर त्या भावांत बघावा लागतो. आणि दिवाळीच्या आधीची कार्डं म्हणजे लेकींचीच: मुराळी कधी पाठवताय? उत्तराचं कार्ड बहुधा सापडत नाही. मुराळी स्वतःच जाऊन पोचलेला असतो.

एक जात मात्र कुठल्याच गठ्ठ्यात मिळत नाही. मर्तिकाची कार्डं. कोपरा फाडलेलं कार्ड आलं की दारातच वाचायचं आणि फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही, अशी रीत होती. लग्नाच्या कार्डाला हळदकुंकू लागलेलं असतं, ते जपलं जायचं. त्यामुळे माझ्या संग्रहात माणसं जन्मतात, शिकतात, लग्नं करतात, भांडतात, आजारी पडतात आणि मग पत्रं यायची थांबतात. कोण केव्हा गेलं ते कार्डं सांगत नाहीत.

ही पत्रं घरात कुठे असायची ते तू लहानपणी पाहिलं आहेस की नाही कोण जाणे. स्वयंपाकघराच्या नाही तर ओसरीच्या खुंटीला एक जाड तार, खालचं टोक आकड्यासारखं वाकवलेलं किंवा लाकडी चकतीत अडकवलेलं. आलेलं पत्र वाचून झालं की वरून टोचायचं. सगळ्यांत खालचं सगळ्यांत जुनं. म्हणून जुन्या प्रत्येक कार्डाला मधोमध भोक असतं. दुकानदार म्हणतात, भोक पडलं, माल खराब. मी म्हणतो, भोक नसेल तर ते तारेवर राहिलं नाही, आणि तारेवर राहिलं नाही तर टिकलं कसं? अख्खी तार मिळाली तर मी एकेक कार्ड काढून घेत नाही, खालपासून वरपर्यंत क्रम लिहून घेतो आणि मग सोडवतो. क्रम मोडला की अर्धी गोष्ट गेली.

खराब करणारी माणसं वेगळीच. तिकिटं जमवणारे कार्डाचं तिकीट तेवढं कापून घेतात आणि बाकीचं टाकतात. शहरातल्या एका तिकीटवाल्याकडे मी निझामाच्या जुन्या कार्डांचा खोका पाहिला, सगळ्यांचे उजवे कोपरे कात्रीने उडवलेले. त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. दुसरे ते, प्रेमाने लॅमिनेशन करून आणणारे. तू तुझ्याकडे पॉलिप्रॉपिलीनच्या स्वच्छ पिशव्या घे, वास येणाऱ्या मऊ प्लास्टिकच्या नकोत, आणि चिकटपट्टी कार्डाच्या जवळपाससुद्धा आणू नकोस. तुमच्याकडे दमटपणा, आमच्याकडे कसर आणि वाळवी. मी कपाटात वेखंड ठेवतो आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा सगळं उघडून बघतो.

आणखी एक ठरवून घे. ही कार्डं दुसऱ्याच्या घरची आहेत. तुझ्या नुएननच्या कार्डाचं लिहिणारं माणूस केव्हाच गेलं. माझ्या कार्डांतल्या कितीतरी लेकी आज आज्या आहेत, चार गल्ल्या पलीकडे राहतात. कुणाचं कर्ज, कुणाचा मोडलेला साखरपुडा, कुणाच्या भावाने लिहिलेले चार वाईट शब्द. मी ते वाचतो, पण नाव झाकल्याशिवाय कुणाला दाखवत नाही. आपल्या शाळेत दोनदा प्रदर्शन भरवलं तेव्हा पत्त्याची बाजू मांडली, मजकुराची फक्त जुनी, निनावी. काही जण म्हणाले, एवढं काय, उघडं कार्डच तर आहे, पोस्टमननेही वाचलं असेल. वाचलं असेल, कित्येकदा त्यानेच वाचून दाखवलं असेल. म्हणून ते चौकात लावायचं असं नाही.

नवीन कार्डं आता येत नाहीत. पोस्टात आजही पन्नास पैशांना कार्ड मिळतं, तरी काउंटरवर मागितलं की तिथली मुलगी दोनदा विचारते. यंदा रजिस्टर पोस्टही स्पीड पोस्टात गेलं. त्याचं मला फार दुःख नाही, लोकांना जे सोयीचं ते लोक करणार. चिंता आहे ती जुन्यांची. सप्टेंबरच्या पावसाने मराठवाड्यात काय केलं ते तू बातम्यांत पाहिलं असशीलच. ज्या घरांत पाणी शिरलं तिथे लोकांनी धान्य वाचवलं, कपडे वाचवले, आणि ते बरोबरच केलं. माळ्यावरच्या, कोनाड्यातल्या कागदांचा चिखल झाला. एका ओळखीच्या घरून फोन आला, तोवर तारेवरच्या कार्डांचा लगदा झालेला होता. आणि जिथे पाणी शिरलं नाही तिथे आता दिवाळीची आवराआवर येते आहे. माझ्या अनुभवात पुराने नेली त्यापेक्षा जास्त पत्रं दिवाळीच्या सफाईने नेली आहेत.

म्हणून तुझ्याकडे एक काम आहे. तुझं सासर परतूरचं. परतूर १९८१ पर्यंत परभणी जिल्ह्यात होतं. 'मु. पो. परतूर, जि. परभणी' असा पत्ता असलेली कार्डं माझ्याकडे अगदी थोडी आहेत, आणि तुमच्या त्या वाड्यात तीन पिढ्यांची पत्रं असणार याची मला खात्री आहे. लग्नाच्या वेळी देवघराच्या शेजारच्या खोलीत खुंटीला तार पाहिल्याचं मला आठवतं. मी स्वतः कसं मागू? सोयऱ्यांकडे जुने कागद मागायला गेलं की लोकांच्या मनात आधी जमिनीची शंका येते. तू सूनबाई, तू मागितलंस तर हसून देतील. जावईबापूंनाही सांग, आजोबांचं अक्षर बघायला त्यांनाही आवडेल.

पत्र मिळताच सासूबाईंना फोन कर. म्हणावं, खुंटीवरची पत्रं टाकू नका, तारेतून काढू नका, पुसू नका. मामा येतील, परतूर काही लांब नाही, सगळं तसंच्या तसं घेऊन जातील, दोन्ही बाजूंचे फोटो काढतील आणि तुळशीच्या लग्नाच्या आत परत आणून देतील. एकही कार्ड ठेवून घेणार नाहीत.

कळावे, लोभ आहेच तो असाच राहू द्यावा.

तुझा,
मामा

ता. क. त्या पेन्सिलीच्या दीड ओळीत काय लिहिलं आहे ते तुमच्या शेजारच्या आजींना विचारून कळव. आणि पुढचं कार्ड पाकिटात घालू नकोस, जुनं नको, नवंच घे, तिकीट लावून उघडं पाठव. शिक्का मारलेलं हवं आहे.